जरा मोठा बल्ब द्या

गाडीचे दिवे मंद वाटू लागले की आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "जरा मोठा बल्ब द्या." दुकानदार देतो. घरी येताना रस्ता उजळ दिसतो आणि आपण खूश होतो. समोरून येणाऱ्याला त्या वेळी काय दिसले, हे विचारायला कोणी थांबत नाही. मोटारीच्या दिव्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की ही दुकानातली मागणी फार जुनी आहे, आणि तिचे खरे उत्तरही जवळजवळ तितकेच जुने आहे.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचेच कंदील असत, तेलावर जळणारे. नंतर आला कार्बाइडचा दिवा. आंबे पिकवायला बंदी आहे ना, तेच कॅल्शियम कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पडले की अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. दिवा वाऱ्या-पावसातही तग धरी, पण रोज राख काढा, पाणी भरा, काडी लावा! १९१२ साली कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन एकत्र आणले आणि ही कटकट संपली. अर्थात श्रीमंतांची.

गरिबाची मोटार म्हणजे फोर्डची मॉडेल टी. तिला १९१५च्या सुमारास विजेचे दिवे मिळाले, पण बॅटरी नव्हे. इंजिनाच्या चाकातच बसवलेल्या मॅग्नेटोवर ते जळत. इंजिन जोरात फिरले की दिवा लख्ख, हळू झाले की मिणमिणता. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून वेग कमी केला की नेमका उजेडच जाणार! लोक मग खालचा गिअर टाकून इंजिन उगाच जोरात फिरवीत. आपल्या पिढीला हे नवीन वाटायचे कारण नाही. जुन्या बजाज स्कूटरचा दिवाही असाच थेट मॅग्नेटोवर चाले. रात्री घाटात वळणावर क्लच दाबून अॅक्सिलरेटर पिळायचा, दिवा मोठा झाला की रस्ता बघून घ्यायचा आणि मग वळायचे. त्याआधी सायकलच्या डायनामोने आपल्याला हाच धडा दिला होता. दोष दिव्याचा नव्हता, वीज पुरवणाऱ्याचा होता.

दुसरा दोष आरशाचा. बल्बच्या मागची वाटी म्हणजे परावर्तक. तिच्यावर चांदीचा मुलामा असे. कडेने धूळ आणि ओल आत शिरली की पारा उडालेल्या आरशासारखी ती काळवंडे. पुढे कितीही मोठा बल्ब लावा, उजेड तिथेच मरे. अमेरिकेने यावर १९४०च्या मॉडेलांपासून एक जालीम उपाय काढला. तार, वाटी आणि काच हे सगळे एकत्र सीलबंद, सात इंच व्यासाचे, गोल. सगळ्या गाड्यांना तेच. गेला की अख्खा फेकायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणायचा. सामान्य माणसाच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असणार? पण सक्तीची दुसरी बाजू अशी, की तिथे कायद्याने चाळीसहून अधिक वर्षे हेच चालू राहिले. बदलता येणाऱ्या बल्बला परवानगी मिळाली ती १९८३ साली.

तोवर युरोप पुढे निघून गेला होता. साध्या बल्बमधली टंगस्टनची तार तापून तिचे कण उडतात आणि काचेवर बसतात, म्हणून बल्ब जुना झाला की काळा पडतो. आत आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा हॅलोजन घातला की ते कण पुन्हा तारेकडे परततात. अमेरिकेतच जनरल इलेक्ट्रिकच्या फ्रिडरिक आणि वायली यांना १९५९ साली या दिव्याचे पेटंट मिळाले, पण मोटारीत तो १९६२ साली युरोपात आला. १९७१ साली एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला 'एच-४' आला, आणि भारतातल्या लाखो गाड्यांत आजही तोच जळतो आहे. वरच्या उजेडाला ६० वॅट, खालच्याला ५५. गंमत त्याच्या आतल्या एका चिमुकल्या पत्र्यात आहे. खालच्या उजेडाच्या तारेखाली तो वाटीसारखा बसवलेला असतो. वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर तो उजेड पडूच देत नाही, कारण तिथून परतलेला उजेड वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. नखाएवढा पत्रा, पण आपण ज्याला डिपर म्हणतो तो सगळा त्याच्यावर उभा आहे.

सात इंची गोलाचा एक फायदा मात्र आपल्याकडच्या मंडळींनी उचलला. अॅम्बॅसॅडर, जीप, बुलेट, सगळ्यांना तेवढेच भोक! जुना सीलबंद दिवा काढायचा आणि त्याच जागी एच-४ची वाटी बसवायची. माफक खर्चात गाडीला नवे डोळे.

आता वायरचे सांगतो. खालचा उजेड लावला की दोन बल्ब मिळून साधारण नऊ अँपिअर वीज ओढतात. जुन्या गाड्यांत ही सगळी वीज बॅटरीतून निघून स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून परत पुढे येते, बारीक वायरीतून, गंजलेल्या जोडांतून. टाकी भरलेली, पण नळाला धार करंगळीएवढी! आणि बल्ब मोठा चिकित्सक असतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. इथे १००/९० वॅटचा बल्ब लावणे म्हणजे त्याच नळाला आणखी मोठी बादली लावणे. होल्डर वितळतो, बटण जळते, आणि कायद्यातही ते बसत नाही. खरा उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा. अर्थिंगची वायर मात्र घासूनपुसून घट्ट करावी, ती सगळे विसरतात.

माझ्या भाच्याची जुनी गाडी आहे. त्याला पांढरे एलईडी बल्ब हवे होते. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने आधी मीटर लावला. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट, बल्बपाशी पोचेपर्यंत बाराच्याही खाली. मग त्याने दिव्याच्या पुढच्या भागावर बोट फिरवले. हल्लीच्या गाड्यांना काच नसते, पॉलिकार्बोनेट असते, आणि वरचा लेप उन्हाने गेला की ते मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळट होते. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने ते घासले, पॉलिश केले आणि वर उन्हापासून राखणारा नवा लेप दिला. (टूथपेस्टने घासणारे पुष्कळ आहेत. चमक येते, पण लेप नसल्यामुळे काही महिन्यांत पुन्हा तेच.) रिले, वायर, मजुरी आणि साधे ६०/५५चे नवे बल्ब, सगळे मिळून त्या एलईडी जोडीपेक्षा कमी खर्च आला.

एलईडी वाईट असे मी म्हणत नाही. २००७ साली लेक्ससने खालच्या उजेडाला ते वापरले तेव्हा अख्खा दिवाच त्यांच्यासाठी घडवला होता. हॅलोजनच्या वाटीत परका बल्ब घातला, की तार होती त्या जागी उजेडाचा उगम राहत नाही आणि तो नखाएवढा पत्राही जुळत नाही. उजेड विस्कटतो.

हे मला जास्त खुपते, कारण मी आता समोरच्या बाजूचा माणूस आहे. साठीच्या डोळ्यांतल्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि दिपलेला डोळा सावरायलाही वेळ घेतो. रात्री रस्त्याच्या कडेने चालताना समोरून तो निळसर झोत आला की मी जागीच उभा राहतो. पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ सालीच, लिहून ठेवले आहे की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे जवळपास माझ्याच डोळ्यांची उंची.

भाच्याच्या गाडीचे काम संपल्यावर त्या इलेक्ट्रिशियनने ती शाळेच्या भिंतीसमोर दहा मीटरवर उभी केली. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली हवी, म्हणाला. उजवा दिवा बराच वर मारत होता. त्याने मागचा स्क्रू चार-पाच फेरे फिरवला, कड खाली आणली, आणि याचे पैसे घेतले नाहीत.