शाकिर अली : मुंबईत घडलेला लाहोरचा चित्रकार

शाकिर अली : (मृत्यू : लाहोर, 1975). आधुनिक पाकिस्तानी चित्रकार व कलाशिक्षक. जन्म रामपूरचा, 1938 मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुढे लंडनचे स्लेड स्कूल आणि पॅरिसमध्ये आंद्रे ल्होत यांच्याकडे शिकून ते लाहोरला स्थायिक झाले. घनवाद त्यांनी युरोपातून लाहोरला नेला, असे सहसा सांगितले जाते. त्या सांगण्यात मुंबई गळते, आणि मुंबई वगळून या चित्रकाराचा उलगडा होत नाही.

तेव्हा कलाशाळेची सूत्रे चार्ल्स जेरार्ड यांच्याकडे होती आणि युरोपची नवी चित्रकला वर्गात येऊ लागली होती. भिंतीवरच्या चित्राचा अभ्यास तेथे त्याहून जुना. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेत. घनवादी रचना पॅरिसचीच, हा आक्षेप बरोबर आहे. ल्होत यांचे ऋण नाकारता येत नाही. पण ती रचना पेलणारा हात आधीच तयार झाला होता. शाकिर अलींच्या स्त्रिया, पक्षी, चंद्र यांचे आकार तुकड्यांत विखुरत नाहीत. रेषा त्यांना बांधून ठेवते, आणि हा संयम निव्वळ भूमितीतून येत नाही.

दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. झुबैदा आगा यांचे आधुनिक चित्रांचे प्रदर्शन कराचीत 1949 मध्येच झाले होते. पहिलेपणाचा मान त्यांचाच. शाकिर अलींचे मोठेपण शिकवण्यात आहे. लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये ते अध्यापक झाले, त्या शाळेचे 1958 मध्ये नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झाल्यावर 1961 मध्ये प्राचार्य. झहूर उल अखलाक यांच्यासारखे चित्रकार तेथूनच पुढे आले. विशेष म्हणजे मेयो स्कूलचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हेही 1875 मध्ये मुंबईच्या याच कलाशाळेतून लाहोरला गेले होते. म्हणजे ही वाट शाकिर अलींच्या आधीपासून चालती होती. फाळणीनंतरही ती एकट्या शाकिर अलींपुरती उरली नाही : सय्यद हैदर रझा यांचे भाऊ अली इमाम नागपूर आणि मुंबईत चित्रकला शिकून पाकिस्तानात गेले आणि कराचीत त्यांनी इंडस गॅलरी उभी केली.