रामशास्त्र्यांचा निवाडा आणि सुरतेचा तह

6 मार्च 1775 रोजी सुरतेत राघोबादादा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाची नांदी म्हणून तो शाळेपासून माहीत असतो. त्याची कायदेशीर बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. तहाच्या एका बाजूला पुण्याच्या न्यायाधीशाने खुनाबद्दल दोषी ठरवलेला माणूस होता, तर दुसऱ्या बाजूला आपल्याच पार्लमेंटचा कायदा धाब्यावर बसवणारी कंपनीची मुंबई कौन्सिल.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारदी शिपायांनी राघोबांचे पुतणे नारायणराव पेशवे यांचा खून केला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, याची कथा लोकांच्या तोंडी आहे; तिला पुरावा म्हणता येत नाही. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, तिचा रोख गादीवर बसलेल्या राघोबांकडेच वळला. परंपरेनुसार शास्त्र्यांनी त्यांना तोंडावर सांगितले की, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही; आणि पद सोडून पुण्याबाहेर पडले. या प्रसंगाचे तपशील बखरींतून व ग्रँट डफच्या इतिहासातून आले आहेत, तेव्हा शब्दन्‌शब्द खरा मानू नये. निवाड्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा खुद्द आरोपीच्याच हाती होती. अशा वेळी न्यायाधीशाजवळ दोनच गोष्टी उरतात, निकाल देणे आणि त्या सत्तेची चाकरी नाकारणे. शास्त्र्यांनी दोन्ही केल्या. ते साधेपणाने राहत व कोणाचे मिंधे नव्हते, हेही इथे विसरता येत नाही. प्रभातने 1944 मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला, तो याच प्रसंगाच्या बळावर.

राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या नावे कारभार हाती घेतला. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि राघोबांच्या हक्काचा पाया निखळला. शास्त्री पुन्हा न्यायासनावर आले. फेब्रुवारी 1775 मध्ये गुजरातेत आणंदजवळ पराभूत झालेले राघोबा खंबायत, भावनगर करत समुद्रमार्गे सुरतेस पोहोचले.

तिथे इंग्रजांनी 2,500 सैनिक देण्याचे कबूल केले. बदल्यात साष्टी, वसई आणि सुरत-भडोच भागातील महसुलाचा वाटा मागितला; खर्चासाठी सुमारे सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवून घेतले. गंमत अशी की ठाण्याचा किल्ला आणि साष्टी त्यांनी तहाच्या दोन महिने आधीच बळकावली होती.

1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मात्र मुंबई व मद्रासच्या कौन्सिलांना कलकत्त्याच्या संमतीवाचून युद्ध वा तह करण्यास, तातडीची निकड सोडल्यास, मनाई केली होती. कलकत्त्यातील वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलने सुरतेचा तह अनधिकृत ठरवला आणि कर्नल अप्टनला पुण्यास पाठवले. 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. कायदा पाळला गेला असे वाटावे, तोच कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी मुंबईकरांची बाजू उचलून धरली आणि लढाई पुन्हा पेटली. साष्टी सोडण्यास तर कलकत्ताही तयार नव्हते. कंपनीच्या राज्यात कायद्याची चाड फायद्याच्या मर्यादेपर्यंतच होती.

1779 मध्ये इंग्रजांनी हार खाऊन केलेल्या वडगावच्या करारानंतर शिंद्यांच्या ताब्यातून निसटलेले राघोबा पुन्हा सुरतेलाच गेले, जनरल गॉडर्डच्या आश्रयाला. आज याच शहराच्या पूर्वेकडील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी घरे आहेत. सुरतेला त्यांच्या आधी आलेला हा मराठी पाहुणा गिरणीत कामाला नव्हे, निवाडा चुकवायला आला होता.

17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबांची साथ सोडली. दरमहा 25 हजारांची नेमणूक तेवढी मिळाली. साष्टी कंपनीकडेच राहिली. राघोबांवर रीतसर खटला मात्र कधी चालला नाही. 11 डिसेंबर 1783 रोजी ते कोपरगावी वारले. रामशास्त्री 1789 मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायाधीश होते.