धनत्रयोदशी, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं

शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.००
विंडोज १० ची मुदत मंगळवारी, १४ तारखेला संपली. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून आज लिनक्स. आत्या आणि तिच्या शेजारणींकडून बारा वर्षांत जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ४३ ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. सगळं मावसभावाकडून मागून आणलेल्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलं.

११.३०
लिनक्स बसलं. हार्डडिस्क जोडली आणि 'डी:' शोधत राहिलो. इथे सी, डी नाहीतच. सगळं एकाच झाडाला. त्याचं मूळ म्हणजे नुसती तिरकी रेघ, '/'. जोडलेली हार्डडिस्कही 'मीडिया' नावाच्या फोल्डरच्या पोटात सापडली.

१२.४५
वहीतला जुना मार्ग आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टर्मिनलमध्ये, जसाच्या तसा टाइप केला: डी:\संग्रह\ओव्या. उत्तर आलं, 'डी:संग्रहओव्या' असं काही नाही. उलट्या रेघा नाहीशा झाल्या होत्या.

ही रेघांची भानगड जुनी आहे. युनिक्समध्ये फोल्डर '/' ने तोडतात. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते आणि '/' हे चिन्ह आज्ञेला पर्याय जोडण्यात खर्ची पडलं होतं. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा '\' घ्यावं लागलं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मात्र त्याच '\' चं काम वेगळं: पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून घेणं. मी त्यातून एवढंच घेतलं की रेघ सरळ करायची. 'डी:' च्या जागी 'मीडिया'तला मार्ग घातला, रेघ सरळ केली, काम झालं, पुढे गेलो.

दुपारी ४.३०
सगळं लॅपटॉपवर परत आलं. मोजलं: ४३. हार्डडिस्क रिकामी करून मावसभावाला दिली. त्याने लगेच तिच्यावर लग्नाचं चित्रण भरायला घेतलं.

संध्याकाळी ६.१०
आई पणत्या लावत होती. लॅपटॉपमध्ये जागा कमी पडू लागली होती. दोन फोल्डर शेजारी शेजारी: 'ओव्या' आणि 'ओव्या कच्च्या'. दुसऱ्यात खोकल्याचे, भांडी आपटल्याचे, अर्ध्यात तुटलेले तुकडे. ते काढून टाकायचं ठरवलं आणि टर्मिनलमध्ये पुसायची आज्ञा लिहिली: आरएम -आर ओव्या कच्च्या. एंटर.

६.११
एकच ओळ उमटली: 'कच्च्या' नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. वाटलं, पुसलंच गेलं नाही. पाहिलं तर 'ओव्या कच्च्या' जागेवर होतं. 'ओव्या' नव्हतं.

विंडोजमध्ये इतकी वर्षं माउसने फोल्डर निवडत आलो, नावातल्या मोकळ्या जागेने कधी काही बिघडलं नाही. टर्मिनलला ती जागा म्हणजे दोन नावांमधली फट. आधी 'ओव्या' पुसा, मग 'कच्च्या'. पहिलं झालं, दुसरं त्याला मिळालं नाही. आणि टर्मिनलमधून पुसलेलं कचरापेटीत जात नाही. नाव अवतरणचिन्हांत लिहायचं होतं, किंवा मोकळ्या जागेआधी एक '\' द्यायची होती. दुपारी नाहीशी झालेली तीच रेघ.

६.४०
लॅपटॉप बंद. पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं.

रात्री ११.००
शेजारच्या मुलाच्या कॉम्प्युटरला माझी डिस्क जोडून पुसलेल्या फाइल शोधणारं फोटोरेक चालू केलं. थांबलो असताना वाचलं: २००१ च्या नोव्हेंबरात ॲपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरमध्ये हाच दोष होता. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती अशा काहींच्या डिस्क पुसल्या गेल्या आणि ॲपलला तो मागे घ्यावा लागला.

रविवार, सकाळी ७.००
३२ परत आली, नावांशिवाय. फोटोरेक फाइलच्या आतल्या खुणा पाहून ती वेचून काढतं. ती कुठल्या फोल्डरात होती, तिचं नाव काय, हे त्याला कळत नाही. आत्या कानाला हेडफोन लावून बसली. "ही पारू. ही तिची जाऊ." मी लिहून घेत गेलो.

अकरा आली नाहीत. त्यांत गाणाऱ्या चौघीजणी आता हयात नाहीत.