फारखतीची वाट

मराठीत कर्जाच्या व्यवहाराचे बरेचसे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. कर्ज, तगादा, जामीन, जप्ती, मुदत, वसूल, बाकी. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या बाजारांत हे शब्द हिंदू-मुसलमान सगळेच पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. याच घराण्यातला आणखी एक शब्द म्हणजे फारखत. मूळ 'फारिग-खत', म्हणजे मोकळे झाल्याचा कागद. कर्ज फिटले की सावकाराने कर्जदाराला तो लिहून द्यायचा. आज 'फारकत' म्हटले की आपल्याला नवरा-बायकोची ताटातूट आठवते. कर्जातून मोकळे होण्याचा अर्थ मागे पडला.

फेडणाऱ्याला फारखत मिळते, हे सरळच आहे. प्रश्न येतो तो ज्याच्याकडे फेडायला काही उरलेच नाही त्याचा. त्याला हा कागद कोणी द्यायचा, आणि कशाच्या आधारावर? आमच्या जिल्ह्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती चाळून पाहिला, तर हाती जे लागते ते विचार करायला लावणारे आहे.

आरंभ खुद्द राजापासून करावा लागतो. अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे होते. ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, पण तिच्या पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. पगार थकत गेला, कंपनी सरकार तो स्वतः भागवून निजामाच्या नावे कर्ज मांडत गेले. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. राज्याची जणू जप्तीच झाली. पुढे १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस १८६० च्या तहात मिळाले. धाराशिव व रायचूर दुआब परत आले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, आणि पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले. राजाला फारखत मिळाली. ती फेड झाल्यामुळे नव्हे, देणाऱ्याच्या मर्जीने मिळाली. ही मर्जीची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती वारंवार भेटणार आहे.

त्याच राज्यात रयतेच्या कर्जाची तऱ्हा वेगळी होती. सावकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मारवाडी किंवा गावचा वाणी येतो. तो होताच. पण हैदराबादेत अरब जमादारही सावकारी करीत, रोहिलेही करीत, आणि अरबांनी कर्जदाराला आपल्या खासगी कोठडीत डांबल्याची उदाहरणे आहेत. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांना या प्रकाराला आळा घालावा लागला. व्याज हराम मानणाऱ्या समाजातही व्याजखोर निपजले, हे आपण लपवू नये. इतिहास लिहायचा तर दोन्ही बाजूंचा लिहावा.

आष्टी तालुक्याच्या पश्चिमेला सीना नदी लागते. काही अंतरापर्यंत ती निजामाच्या मुलखाची आणि इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्याची हद्द होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याचे लोण नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पोहोचले. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. फारखत मिळत नाही, तर खतच जाळा, असा तो हिशेब होता.

या दंग्यांनंतर चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाने नुसत्या कागदावर न जाता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, असे त्यात होते. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. या कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीचे एक स्वतंत्र प्रकरणही होते. पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला 'मला नादार जाहीर करा' असा अर्ज करता येई. कुटुंबाच्या पोटापुरती जमीन सोडून उरलेली ठरावीक मुदतीपर्यंत सरकारी व्यवस्थेत ठेवायची, तिचे उत्पन्न सावकारांत वाटायचे आणि यादीतली कर्जे संपली असे मानायचे. दोष पुष्कळ असतील, पण कर्जाला कधीतरी शेवट असतो ही गोष्ट कायद्याने मान्य केली. हे सगळे सीनेच्या पलीकडे. अलीकडच्या आष्टीकराला हा कायदा लागू नव्हता. पाऊस तोच, दुष्काळ तोच, सावकारही कधी कधी तोच, पण सुटकेचा कायदा नदीपाशी येऊन थांबे.

मग आपल्या परंपरेत याचे उत्तर होते की नाही? होते, आणि ते नीट समजून घ्यायला हवे. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असा आशय आहे. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग येतो. फळांच्या खरेदीत बुडून एक माणूस कर्जबाजारी झाला. प्रेषित मुहंमद (स.) यांनी लोकांना त्याला सदका द्यायला सांगितले. जमले ते पुरेना. तेव्हा त्यांनी घेणेकऱ्यांना सांगितले की, मिळते तेवढे घ्या, याहून अधिक तुम्हाला काही नाही. आधी समाजाची मदत, मग असेल त्याची वाटणी, आणि मग तगादा बंद, असा तो क्रम आहे. जकात कोणाला द्यावी हे सांगणाऱ्या सूरह तौबाच्या आयतीतल्या आठ प्रकारांत कर्जात बुडालेल्यांचाही हिस्सा आहे.

फिकहच्या पंडितांत मात्र एकमत नव्हते. आपल्या भागात हनफी मत चालते. 'हिदाया' या ग्रंथानुसार इमाम अबू हनीफा कर्जापायी माणसाच्या व्यवहारावर बंदी घालायला तयार नव्हते. त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहंमद यांनी काझीला तशी बंदी घालण्याचा आणि मालमत्ता विकून वाटण्याचा अधिकार दिला. ज्याच्याकडे काहीच सापडले नाही त्याला कैदेत ठेवू नये, हे सर्वांना मान्य. पण सुटल्यावरही घेणेकऱ्याने त्याच्या मागे मागे फिरावे, याला इमामसाहेबांची हरकत नव्हती. आणि देणे जिम्म्यावरून पुसले जाते, असे बहुतेक फकीह म्हणत नाहीत. ऐपत आली की फेडावे.

आमच्या लोकांची घालमेल इथेच होते. कर्ज हा हक्कुल-इबाद, बंद्याचा हक्क. बंद्याने माफ केल्याशिवाय तो माफ होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून दुकान बुडालेला बागवान किंवा मणियार कोर्टात 'मी नादार' असे म्हणण्याऐवजी रातोरात गाव सोडतो. पण शरीयतने दोन प्रकारचे कर्जदार वेगळे केले आहेत. ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे. ऐपतच नसणे हा गुन्हा नाही. दिवाळखोर शब्दातली शिवी पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नव्हे. कायद्याची सुटका घेणेकऱ्याचा हात गळ्यावरून काढते. पुढे चार पैसे आले तर स्वखुशीने देणे चुकते करायला कोणताच कायदा आडवा येत नाही. मग या दोन गोष्टींत विरोध कुठे राहिला?

कायद्याची सुटका कशी असते, हे १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात दिसते. तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता, निजामाच्या राज्यासाठी नव्हता. पण पुढच्या काळातली कल्पना त्यावरच उभी राहिली. किमान पाचशे रुपये देणे असलेल्याने किंवा देण्यापायी अटक अथवा जप्ती ओढवलेल्याने अर्ज करायचा. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे सोडली जातात. मग ठरलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करायचा. तो केला नाही तर सगळेच रद्द. रुपयामागे आठ आणेही हाती नसतील, तर त्यात आपला दोष नाही हे पटवून द्यावे लागते. मागच्या तीन वर्षांचे हिशेब ठेवलेले नसतील, उधळपट्टी किंवा जुगार झाला असेल, तर विनाशर्त मुक्तता नाही. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि बायको-मुलांची पोटगी यांतून सुटका नाही. यातल्या अटी अन्यायाच्या नाहीत. पण हा दरवाजा वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मापाचा आहे. ज्याचा हिशेब सावकाराच्याच वहीत असतो, त्याने कोणती वही दाखवायची?

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. छोट्या माणसाला खरी फारखत मिळाली ती २२ ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र कर्जनिवारण कायद्याने. अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर, कामगार यांची ठरावीक मर्यादेतली खासगी कर्जे संपली. दावे निकालात निघाले, गहाण वस्तू परत करायच्या ठरल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही वेठीला बांधणारी कर्जे रद्द ठरवली. कर्ज गेले, कर्जाची गरज मात्र गेली नाही. पुढच्या पेरणीला, पुढच्या लग्नाला पैसा कुठून येणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

आज बीडच्या ऊसतोड जोडप्याकडे पाहावे. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर कोयता चालवून ती फेडायची, उरली तर बाकी पुढच्या हंगामावर. ही बाकी संपल्याचे कोणी लिहून देत नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या बँका-सोसायट्यांच्या पीककर्जाच्या होत्या. उचल त्यांत बसत नव्हती, सावकारी कर्जही नव्हते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरिबासाठी 'नव्याने सुरुवात' असे प्रकरण लिहिले गेले. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी. पण डिसेंबर २०१९ मध्ये संहितेचा हा भाग लागू झाला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच. गरिबाचे प्रकरण कागदावर राहिले.

म्हणजे १८६० पासूनचा धडा एकच. आपल्याकडे सुटका मिळाली ती बहुधा मर्जीने, निवडणुकीच्या तोंडावर किंवा दंग्याच्या भीतीने. माफी मागावी लागते, ती कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि घेणाऱ्याची मान खालीच राहते. हक्काची सुटका वेगळी. तिला अटी असतात, तपासणी असते, पण तारीखही असते.

सरकारकडे ती मागत असताना आपल्या हातातले काम आपण का करू नये? गावोगावी बैतुलमाल आहे, रमजानात जकात निघते. त्यातला कर्जदारांचा हिस्सा वेगळा काढावा. जमातीतल्या चार जाणत्यांनी घेणेकरी आणि देणेकरी यांना समोरासमोर बसवावे, खरी ऐपत पाहावी, असेल ते वाटावे आणि उरलेले सोडल्याचे लिहून घ्यावे.

जनाजाच्या नमाजाआधी मय्यतीचा वारस उभा राहून सांगतो की, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला भेटा, नाहीतर अल्लाहच्या वास्ते माफ करा. सफीतले लोक माना डोलावतात आणि बरेच जण मनातल्या मनात माफही करतात. माणूस जिवंत असताना, त्याच्या लेकरांसमोर, हीच माफी कागदावर लिहून दिली तर तो आणखी काही वर्षे मान वर करून जगेल.