कामाचे तास बदलले तर ईएसआयला काय कळवावे? जबलपूरमधील विमाधारक कामगारांसाठी माहिती

कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत तुम्ही रोज किती तास काम करता हे महामंडळ विचारत नाही. तेथे दोन गोष्टींची नोंद होते: महिन्यात किती दिवसांची मजुरी मिळाली आणि ती किती मिळाली. हे आकडे मालक किंवा ठेकेदार ऑनलाइन भरतो आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वर्गणी जमा करतो. त्यामुळे तास बदलले म्हणून तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. मात्र भरलेले आकडे बरोबर आहेत का, हे तुम्हीच पाहावे. चूक झाली तर नुकसान तुमचे होते.

तास कमी झाले तर

रिछाई, अधारतालमधील कारखान्यांत किंवा तयार कपड्यांच्या कामात हंगाम ओसरला की काही दिवस बसून राहावे लागते. अशा वेळी दिवसांकडे लक्ष ठेवा. आजारपणाचे पैसे मिळण्यासाठी सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनमधील हक्क ठरतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधील.

आठवड्याला तीन दिवस काम असेल तर २६ आठवड्यांत नेमके ७८ दिवस भरतात. एक खाडा झाला तरी ते ७७ होतात आणि हक्क जातो. पगारी सुट्टीचा दिवसही मोजला जातो, म्हणून तो नोंदवून घ्या.

मालकाने तीन पूर्ण दिवसांऐवजी सहा दिवस अर्धी पाळी दिली, तर तास तेवढेच राहतात पण दिवस दुप्पट होतात. मात्र लाभाची रक्कम सरासरी दैनिक मजुरीच्या ७० टक्के असते. पूर्ण दिवसाचे ५०० रुपये मिळत असतील तर आजारपणात दिवसाला ३५० रुपये मिळतील. अर्ध्या पाळीचे २५० मिळत असतील तर १७५. निवड तुमच्या हाती असेल तर आधी हा हिशेब मांडा.

प्रसूती लाभाची अट सौम्य आहे: मागील दोन कालावधींत मिळून ७० दिवस.

महिनाभर काम बंद असेल तर मालक शून्य दिवस भरून कारण नोंदवतो. ‘काम नाही’ आणि ‘नोकरी सोडली’ ही दोन वेगळी कारणे आहेत. चुकीचे कारण पडले असल्यास लगेच दुरुस्त करून घ्या.

तास वाढले तर

मजुरीची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. दिव्यांग कामगारांसाठी २५,००० रुपये. जादा कामाचे पैसे (ओव्हरटाइम) या मर्यादेत धरत नाहीत. नेहमीची मजुरीच मधल्या एखाद्या महिन्यात मर्यादेपलीकडे गेली, तरी तो सहा महिन्यांचा कालावधी संपेपर्यंत तुम्ही योजनेत राहता. जूनमध्ये पगार वाढला म्हणून जुलैत तुमचे नाव काढता येत नाही.

आजारपणाच्या रजेत काम केले तर

हे मात्र तुम्हालाच कळवावे लागते. ज्या दिवशी काम केले किंवा पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. दोन तासांचे हलके काम केले तरी तो दिवस दाव्यात घालू नका. काम केल्याचे लपवून घेतलेली रक्कम परत करावी लागते आणि खोट्या माहितीसाठी शिक्षाही होऊ शकते. कामावरील अपघातानंतरच्या तात्पुरत्या अपंगत्वालाही हाच नियम आहे. कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ मात्र कामावर परतल्यानेही थांबत नाही.

आजारपणात अनेकजण गोंदिया किंवा नागपूरला घरी जातात. जाण्यापूर्वी उपचार करणाऱ्या ईएसआय डॉक्टरांची परवानगी घ्या. तिच्याविना उपचाराचे क्षेत्र सोडल्यास लाभ अडकू शकतो.

नोंद कोठे पाहावी

विमा क्रमांकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर महिनावार दिवस आणि मजुरी दिसते. फरक आढळल्यास आधी मालकाला लेखी कळवा. दुरुस्ती न झाल्यास पगाराची पावती आणि हजेरीची प्रत घेऊन तुमच्या शाखा कार्यालयात जा. निःशुल्क दूरध्वनी: १८००-११-२५२६.