शिव्या झालेल्या संज्ञा

वर्गात एखाद्याचे गणित पुन्हा पुन्हा चुकले की आपल्यापैकी कोणाच्या तरी तोंडून 'इडियट' निसटतेच. त्यासाठी शाळा इंग्रजी माध्यमाचीच असावी लागते असेही नाही. हा शब्द एकेकाळी डॉक्टरांच्या अहवालांत आणि कायद्याच्या कलमांत गंभीरपणे लिहिला जात असे. भारतातील १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात वेड्याच्या व्याख्येतच 'इडियट' होता, आणि १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत तो तेथे टिकला.

'इडियट' मूळ ग्रीक. सार्वजनिक कारभारात भाग न घेणारा खाजगी माणूस, एवढाच त्याचा जुना अर्थ. 'इंबेसाइल' लॅटिनमधून आला, अर्थ दुर्बळ. बौद्धिक वाढ खुंटलेल्या माणसांसाठी वैद्यकाने हे दोन्ही शब्द उचलले. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखावीत व त्यांना वेगळे शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू होता. ही कसोटी अमेरिकेत नेली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे अशा मुलांच्या संस्थेत तो काम करी. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असेल तर इडियट, तीन ते सात असेल तर इंबेसाइल, अशी प्रतवारी होती. आठ ते बारा या वरच्या पायरीला मात्र नेमके नाव नव्हते. म्हणून १९१० साली गॉडर्डने 'मंद, मूर्ख' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' घडवला. आज जी निव्वळ शिवी आहे ती अशी काटेकोर व्याख्येसह जन्माला आली. ग्रीकांचा मूर्ख उचलून त्याची शास्त्रीय संज्ञा करायची आणि पुढे तिची शिवी झाली म्हणून नवल करायचे, याची आम्हाला थोडी गंमत वाटते.

पण गंमत तेथेच संपते. व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली, संस्थांमध्ये ठेवलेल्या अशा व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. कॅरी बक या तरुणीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंबेसाइलांच्या तीन पिढ्या झाल्या तेवढ्या पुरेत, अशा आशयाचे वाक्य लिहून न्यायमूर्ती होम्स यांनी १९२७ साली तो कायदा वैध ठरवला. तीन पिढ्या म्हणजे कॅरीची आई, स्वतः कॅरी आणि तिची तान्ही मुलगी व्हिव्हियन. कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली. १९३१ साली तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले. १९३२ साली, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात वारली.

पुढे वैद्यकाने हे तिन्ही शब्द टाकले. त्यांच्या जागी 'रिटार्डेड' आला. 'विलंब झालेला' हा त्याचा सौम्य अर्थ. तोही खेळाच्या मैदानावर पोचला, आणि २०१० साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतून तो काढण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातही हाच शब्द होता. २०१६ च्या कायद्यात त्याऐवजी 'बौद्धिक अक्षमता' आली. मराठीतला 'मतिमंद' हा शब्द 'खुळा' किंवा 'वेडा' यांच्यापेक्षा खूपच सभ्य. तो शाळांच्या पाट्यांवर सन्मानाने लागला. मधल्या सुट्टीत तो कसा वापरला जातो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

मग दोष शब्दांचाच असतो का? ब्रिटनमधील एक हकिगत येथे आठवते. मेंदूच्या पक्षाघातासाठी काम करणाऱ्या तेथील संस्थेच्या नावात १९५२ पासून 'स्पास्टिक' होता. स्नायू ताठरणे दाखवणारा हा वैद्यकीय शब्द शिवी झाला, तेव्हा १९९४ साली संस्थेने 'स्कोप' हे नाव घेतले. पण त्याआधीच, १९८१ च्या अपंग वर्षात, बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात जोई डीकन या गृहस्थांची ओळख करून देण्यात आली होती. त्यांना हाच विकार होता. त्यांचे बोलणे एका मित्रालाच नीट समजे, आणि त्याच्या मदतीने एकेक ओळ सांगत त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले होते. मुलांना सहानुभूती वाटावी म्हणून हा खटाटोप. लवकरच शाळाशाळांतून मुले एखाद्या वेंधळ्या सवंगड्याला चिडवू लागली: 'जोई!'