ज्वारीच्या आधी आपण काय खात होतो?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. बसमध्ये इयरफोन सापडत नसतील तर वाचून घ्या.

सुरुवात माझ्या चुकीपासून. मागच्या एपिसोडमध्ये मी बिनधास्त बोलून गेलो की आपल्याकडचा पहिला शेतकरी ज्वारीच पेरत असणार. पुरावा? शून्य. मी केजचा. थंडीत घरी निघालो की एसटीच्या खिडकीतून शाळू दिसतो, ताटात भाकरी असते. मग वाटलं, हे पहिल्यापासून असंच असणार. ऑफिसात कुणी 'मला वाटलं' म्हणून टेस्ट न करता कोड टाकला तर मी त्याला झापतो. इथं मीच तसं केलं.

मग तपासायचं कसं? धान्य मातीत पडलं की कुजतं, नाहीतर किडे-मुंग्या खातात, नाहीतर उगवतं. पण चुलीपाशी सांडलेला किंवा घराला आग लागून कणगीत करपलेला दाणा कोळसा होतो. कोळसा कुजत नाही, आणि दाण्याचा आकार बऱ्यापैकी तसाच राहतो. उत्खननातली माती पाण्यात कालवली की माती खाली बसते, हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक चाळणीत धरायचा, सावलीत वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. डाळ धुताना आई वर आलेली फोलपटं काढते ना, तीच युक्ती.

दाणा सापडला म्हणजे शेती होती, असंही नाही. रानातलं धान्यही माणसं गोळा करून खायची. फरक कळतो देठापाशी. रानटी गवताचं कणीस पिकलं की दाणे आपोआप गळतात, त्यामुळे तुटलेली जागा गुळगुळीत असते. पेरलेल्या पिकाचे दाणे कणसाला धरून राहतात, ते झोडपूनच काढावे लागतात. म्हणून तिथं खडबडीत जखम दिसते. म्हणजे मळणीची खूण हजारो वर्षं टिकते.

आता महाराष्ट्रातली सगळ्यात भारी केस. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं आख्खं गाव निघालं. शंभराहून जास्त घरं, धान्याची कोठारं, पाण्यासाठी कालवा आणि बांध. आणि करपलेले दाणे. मुख्य पीक कोणतं? जव! म्हणजे सातू. सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ.

आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, जवारी नव्हती तर मान्सं भाकर कशाची खात व्हती?"

आजे, ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांवर ज्वारीच्या तुसाचे ठसे सापडले. २०१७ साली ते संशोधन छापून आलं, आणि त्यात मळणीची तीच खडबडीत खूण दिसली. भारतातल्या 'अतिप्राचीन ज्वारी'च्या जुन्या नोंदी संशोधकांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच संशयास्पद ठरल्या. जव आणि गहूसुद्धा पाहुणेच. ते पश्चिम आशियातून आले, तिथं त्यांची शेती दहा हजार वर्षांपूर्वीची. मग आपलं काय? हुलगा! कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच. तो भारतातच माणसाळला. दक्षिणेत, कर्नाटक-आंध्रच्या नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये हुलगा, मूग आणि बारीक भरडधान्यं हीच मुख्य पिकं होती. म्हणजे आजीचे शेंगोळे भाकरीपेक्षा जास्त 'मूळचे' निघाले. हे ऐकून ती खूश झाली.

आता जी गोष्ट मला लागली ती. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास उत्तर महाराष्ट्रातली बरीचशी गावं ओस पडली. ढवळीकरांच्या मते कारण होतं कोरडं होत गेलेलं हवामान. इनामगाव टिकलं, पण मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारी माणसं ज्यानं लहानपणापासून पाहिली, त्याला हे समजवायला ग्राफ लागत नाही.

पण थांबा. इनामगावचा जव उचलून मांजरेच्या काठावर पेरला, तर मी मागचीच चूक पुन्हा करीन. घोडेकाठचा दाणा घोडेकाठचं सांगतो. केजचं केजच्या मातीतूनच कळणार.

आणि ती माती कुठं आहे? आपण गावाला 'काळी आणि पांढरी' म्हणतो. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती माळवदावर टाकायला आणि शेतात खत म्हणून नेतात. ती कसदार असते, कारण तिच्यात शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं मुरलेली असतात. म्हणजे जी राख पिकाला खत, तीच इतिहासाला पुरावा. आजी म्हणाली, "आपण बी आणली व्हती की, चार गाड्या." त्यात काय काय होतं, ते आता कोण सांगणार? ते सोयाबीनमध्ये नांगरलं गेलं.

मी आजीला दोष देत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला मात्र आता माहीत आहे. गावात टेकाडाला जेसीबी लागलेला दिसला आणि मातीत खापरं, राखेचे थर दिसले, तर काही उचलू नका. फोटो काढा, लोकेशन टाका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरी विचारा, तुमच्याकडची पांढरी कुठं आहे?